घडीच्या पोळीतलं तूप

मी पाच महिने माझ्या लेकीला चोरून तूप खायला घातलं. चोरून कुणापासून, तर तिच्याचपासून. तिचंच ताट, तिचीच पोळी, आणि त्या पोळीच्या घडीत मी लपवलेलं तूप. तरुणपणी माणूस काय काय मूर्खपणा करतो, असं मी नातीला, मुलाच्या मुलीला, सांगायला बसले तर तिने विचारलं, "आजी, तेव्हा तू किती वर्षांची होतीस गं?" मी म्हटलं, "बासष्ट." ती पोट धरून हसली. हसू दे. सहासष्टीतून मागे बघते तेव्हा ती बासष्टीची बाई मला शेंबडी पोरच वाटते. सोळाव्या वर्षी मी इतकी मूर्ख नव्हते. सोळाव्या वर्षी निदान कुणाचं तरी ऐकत होते.

ती बाई आज माझ्या स्वयंपाकघरात आली तर आधी तिच्या हातातलं लाटणं हिसकावून घेईन. पुढे काय करीन ते लिहीत नाही, नात वाचते.

लेकीला स्नायूंचा आजार आहे. कंबर, मांड्या, खांदे, इथले स्नायू वर्षागणिक कमजोर होत जातात आणि गेलेली ताकद परत येत नाही. सुरुवात पंचविशीत झाली. जमिनीवरून उठताना ती आधी गुडघ्यावर हात ठेवायची, मग मांडीवर, आपल्याच अंगावर चढत चढत उभी राहायची. मी म्हणायचे, "काय गं म्हातारीसारखी उठतेस?" हेही त्याच बाईचं बोलणं, फक्त तेव्हा ती आणखी दहा-अकरा वर्षांनी लहान होती.

रक्त तपासलं. एका डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, यकृताला सूज आहे. झालं. दोन वर्षं यकृताचं पथ्य. तेल बंद, डाळ बंद, अंडं बंद, उसाचा रस चालू. जिच्या अंगातले स्नायू झिजत होते तिची डाळ आम्ही बंद केली होती! मी रोज ताजा रस आणायला बोईसर स्टेशनजवळच्या गुऱ्हाळापर्यंत चालत जायचे, आणि येताना मला फार चांगली आई असल्यासारखं वाटायचं. शेवटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात जे वाढलेलं दिसत होतं ते यकृतातून नाही, स्नायूंतून आलेलं होतं. दोन वर्षं! त्या दोन वर्षांचा राग मी कुणावर काढू हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून मी तो सगळ्यांवर थोडा थोडा काढते.

त्याच डॉक्टरांनी मला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" मी कौतुकाने म्हटलं, "हो, ह्यांची आई म्हणजे माझी सख्खी आत्या." आमच्या सिन्नरकडे आत्याच्या घरी मुलगी दिली की माणसं निर्धास्त होतात, घरचीच पोर घरात गेली म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की एकाच घरातल्या दोघांकडून तोच बिघाड मुलीकडे आला असणार. पुढे ते म्हणाले, "यात तुमचा दोष नाही." पण ते ऐकायला मी जाग्यावर होते कुठे? मी अर्धंच वाक्य घेऊन घरी आले. माझ्या रक्तातून मी तिला हे दिलं. आता माझ्या हातातून काहीतरी दुसरं द्यायला हवं. हातात काय होतं? लाटणं.

आता पथ्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. मुंबईच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता लिहून दिला होता. तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असायचा. दोन कोरड्या पोळ्या, नाहीतर नाचणीची भाकरी. वाटीभर दाट डाळ, वाल नाहीतर मूग. एक अंडं, आठवड्यातून दोनदा मासे. साय काढलेल्या दुधाचं दही. भाजी भरपूर, फळ एक, पाणी भरपूर. बाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "वजन वाढलं तर ते उचलायला हिच्याकडे जादा स्नायू नाहीत. आणि उपाशी राहिली तर अंग आहेत तेच स्नायू खाऊन टाकेल. दोन्ही चालणार नाही. हे मापात ठेवणं तुमच्या हातात आहे."

मी मान हलवली. त्या वयात मला मान फार छान हलवता यायची.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका उठण्यासाठी. लेक पालघरला कोळगावच्या रस्त्यावर एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची. ठरलेल्या रिक्षाने जायची, ठरलेल्या रिक्षाने यायची. खुर्चीतून उठताना टेबलावर दोन्ही तळवे टेकायचे, अंग पुढे झोकायचं आणि एका झटक्यात उभं राहायचं, हे तिचं तिला येत होतं. कुणी काखेत हात घालायला लागत नव्हतं. ते उठणं आहे तोवर नोकरी आहे, नोकरी आहे तोवर ती सकाळी केस विंचरून बाहेर पडते. ती मला म्हणायची, "आई, मला बाकी काही नको. हे उठणं जितकी वर्षं राहील तितकी वर्षं मला हवंय." इतकं स्पष्ट सांगितलं होतं पोरीने. यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं असतं?

पण मग शेजारीण आली. शेजारणी येतातच. दारात उभी राहून लेकीकडे बघत म्हणाली, "अगंबाई, किती वाळली गं पोर! डॉक्टरांनी कोरड्या पोळ्या सांगितल्या? अशक्त माणसाला कुणी कोरडं घालतं का? आमच्या नणंदेला नुसत्या डिंकाच्या लाडवांनी उभं केलं आम्ही."

तिच्या नणंदेला बाळंतपणानंतरचा अशक्तपणा होता. हे मला माहीत होतं. तरी ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. आणि तसं सांगणारी ती एकटी नव्हती. कुणी ताकदीची पावडर आणून दिली, जिच्या डब्यावर दंड फुगवलेला बाप्या होता. कुणी सांगितलं, रोज बकऱ्याच्या पायाचा रस्सा द्या, पायाला पाय लागतो. एकीने तर कुंभवलीच्या बसमध्ये माझ्या लेकीच्या दंडाला हात लावून बघितला, भाजीवाल्याकडचं वांगं दाबून बघावं तसा. "पोकळ झालाय," म्हणाली. मी तिला काही बोलले नाही. आज बोलले असते. आज मी कुणालाही बोलते, वयाचा तेवढा एक फायदा आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं.

घडीची पोळी कशी करतात हे ज्यांना येतं त्यांना वेगळं सांगायला नको. छोटी पुरी लाटायची, तेलाचं बोट फिरवायचं, पीठ भुरभुरायचं, अर्धी दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग मोठी लाटायची. मी तेलाच्या बोटाऐवजी तुपाचा चमचा फिरवायला लागले. पोळी वरून अगदी कोरडी. तव्यावरून उतरली की फडक्यात गुंडाळायची, तूप आतल्या आत जिरायचं. वरणात तूप घालायचं ते उकळतानाच, आणि रवीने असं घोटायचं की तवंग म्हणून दिसता कामा नये. दुधाची साय काढायची, सगळ्यांना दिसेल अशी वाटीत काढायची, आणि विरजण लावताना पुन्हा दुधात ढकलून द्यायची. इतकी अक्कल मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही कामाला लावली नाही. लावली असती तर मी आज कुठेतरी मोठ्या पदावर असते.

आमच्या ह्यांच्या मात्र लक्षात आलं. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर घरात, त्याला डबे मोजण्याशिवाय काम काय?

"हल्ली तूप फार लवकर संपतं गं."

"मांजर खात असेल."

"झाकण फिरवून?"

"हुशार मांजर आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे. चाळीस वर्षं मला बोलू दिलं, एकदा तरी ओरडायचं होतं.

लेकीचं वजन वाढायला लागलं. तिचा चेहरा भरला. शेजारीण म्हणाली, "आता कशी टवटवीत दिसते!" आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. टेबलावर तळवे टेकून उठताना तिला आता दोनदा झोकावं लागत होतं, पहिल्या वेळी ती परत खुर्चीत पडायची. ते मी घरी रोज बघत होते. बघून काय केलं? अशक्तपणा वाढला म्हणून तूप वाढवलं.

तीन महिन्यांनी मुंबईला तपासणीला गेलो. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, तक्त्यावरचा मागचा आकडा बघितला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तक्ता पाळता?"

"पाळते," लेक म्हणाली.

"पाळला असता तर हे वजन आलं नसतं. माझ्याशी खोटं बोलून मला काही होणार नाहीये. पाय तुमचे आहेत. ऑफिसात काय खाता? वडापाव? बिस्किटं?"

"काही नाही. घरचा डबा."

"मग हवा खाऊन वजन वाढतं का?"

लेक खाली बघत बसली. तिचे कान लाल झाले होते. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत परतीच्या वाटेसाठी तिच्या पोळ्या होत्या. त्याच पोळ्या. आणि मी काय बोलले माहीत आहे? मी म्हटलं, "मी सांगतच असते हो हिला."

हे वाक्य मी कुणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. आज लिहिते आहे. ते मी बोलले, मोठ्याने बोलले, आणि बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. त्या बाईंचाही राग येतो मला. रडवेल्या माणसाला झापण्याआधी त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाची पिशवी बघावी. पण तो राग खोटा आहे, मला कळतं. आईवर कोण संशय घेईल?

त्यानंतर लेकीचं बोलणं कमी झालं. डबा मात्र रोज रिकामा यायचा, चाटूनपुसून खाल्ल्यासारखा. मी खूश. घरी आल्यावर ती म्हणायची, भूक नाही, ऑफिसात उशिरा जेवले. संध्याकाळी थोडं वरण, थोडं दही. मी त्या थोड्यातच जास्त कोंबायचे. ती पाणीही कमी प्यायला लागली होती. त्याचं कारण मला फार नंतर कळलं. ऑफिसातला संडास खाली बसायचा होता, वर दोन पायऱ्या. आत गेली तर तिथून उठवायला कुणालातरी हाक मारावी लागणार. त्यापेक्षा दिवसभर पाणी न पिणं सोपं. तक्त्यात लिहिलेलं असतं, पाणी भरपूर. लिहिणाऱ्याला काय जातं? एक कमोड बसवायला कुणाला सुचत नाही, पण पोटाला काय चांगलं ते सांगायला सगळं गाव तयार.

मार्चमधली दुपार होती. दारात रिक्षा थांबली, ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी. लेक मागे बसलेली, चेहरा पांढरा, आणि तिच्या शेजारी एक काटक बाई, पदर खोचलेला, मांडीवर लेकीची पर्स आणि डबा. ऑफिसात झाडलोट आणि चहापाणी करणारी. उमरोळीला राहायची, मूळची वरच्या डोंगराकडच्या पाड्यावरची. लेक खुर्चीतून उठताना पडली होती. मोडलं काही नव्हतं, पण तिला जमिनीवरून उठवायला तिघं लागले होते. तिघं. वकीलसाहेबसुद्धा.

आम्ही दोघींनी तिला पलंगावर टेकवलं. मी त्या बाईला पाणी दिलं, चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, म्याडमला काय खायला देत जा जरा. चक्कर आली त्यांना, पोटात काय नाय म्हणून."

"पोटात काही नाही कसं? डबा रिकामा आहे ना?"

तिने जीभ चावली. मग बहुतेक तिला वाटलं, आता लपवून काय उपयोग.

"डबा त्या मलाच देतात. आता दीड महिना झाला. मी बोलले, म्याडम तुमी काय खाणार? तर बोलतात, मला भूक नाय, तुझ्या पोरींना ने. दुपारी दोन बिस्किटं नि चहा, बास." आणि मग कौतुकाने, अगदी मनापासून, "चपात्या मात्र तुमच्या लय भारी हाय हां! वरून दिसत नाय, पण घडी उघडली का तूप नुसतं हाताला लागतं. कशा करता ओ? माझ्या पोरी बोलतात, आये तू पण अशीच कर."

पलंगावर लेक होती. दार उघडं होतं. सगळं ऐकू जात होतं.

आता इथे शहाण्या बाईने काय करायचं असतं? खाली बसायचं, तोंड झाकायचं. मी काय केलं? मी त्या बाईवर ओरडले. "तुला लाज नाही वाटत? आजारी पोरीचा डबा खातेस?"

ती मागे सरली नाही. चहाचा कप ओट्यावर ठेवला, जवळजवळ भरलेला.

"मी मागतला नाय मावशी. त्यांनी दिला. टाकून देणार होत्या, मी बोलले टाकू नका. पडल्या तेवा पयला हात मी धरला, तुमी नाय." आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन वळून म्हणाली, "माज्यावर कशाला चिडता? तूप मी घातलंय का?"

एवढं बोलून ती गेली. स्टेशनकडे चालत गेली असणार, कारण रिक्षा मी थांबवून ठेवली नव्हती. नंतर मी तिची माफी मागायला गेले, ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यातही मी शहाणी दिसत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या पाच महिन्यांत जे गेलं ते परत आलं नाही. नुसत्या माझ्या तुपानेच गेलं असं नाही, आजार आपल्या गतीने जातच होता, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि या वेळी मी पूर्ण वाक्य ऐकलं. पण एकीकडून मी वजन चढवत होते आणि दुसरीकडून पोर उपाशी राहून डाळ, अंडं, सगळंच सोडत होती. दोन्ही चालणार नाही असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, आम्ही मायलेकींनी मिळून दोन्ही करून दाखवलं. आज ती घरूनच टायपिंग करते. खुर्चीखाली आम्ही लाकडी ठोकळे लावून ती उंच करून घेतली आहे. त्या उंच खुर्चीतून ती अजून स्वतःची स्वतः उठते, पण शेजारी कुणीतरी असावं लागतं. घरात कमोड बसवला. पाण्याची बाटली तिच्या टेबलावर असते आणि ती संध्याकाळपर्यंत रिकामी होते. शेजारीण परवा येऊन म्हणाली, "थोडं तूप चालत असेल ना गं आता?" मी तिला तुपाची बरणीच देऊन टाकली. म्हटलं, घेऊन जा, नणंदेला घाल.

आता त्या संध्याकाळचं.

ऑफिसातली बाई गेल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. ओट्यावरचा तिचा चहा थंड झाला. शेवटी मी आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले. माझं भाषण तयार होतं. आईचं काळीज, माझी आई मला कशी घालायची, शेजारीण काय म्हणाली, सगळं मुद्देसूद. मी सुरुवातही केली, "अगं, तुला कळू नये म्हणून नव्हे, तुला ताकद..." तिने हात वर केला. खांद्यापर्यंत हात नेणं तेव्हाही तिला जड जायचं, म्हणून कोपरापासूनच वर केला. मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर इकडचं तिकडे न करता:

"आई, माझे स्नायू जातायत, जीभ नाही. पहिल्याच पोळीला कळलं होतं मला. वाटलं, दोन-चार दिवसांत तू आपणहून सांगशील. मग वाटलं, मुंबईला गेल्यावर बाईंसमोर तरी सांगशील. तिथे तू काय बोललीस ते मी ऐकलं. आता रडू नकोस, तुला धरायला मला उठता येणार नाही. जा, पोळ्या कर. कोरड्या. दारातून मला दिसतील अशा लाट. भूक लागलीय मला."